नऊ गाठी

"तुला काय झालं गं?"

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण होती. तिला बघायला आलेल्या पाहुणीनं डिंकाचे दोन लाडू तिच्या हातावर ठेवले आणि तिसरा घेऊन माझ्याकडे वळून हे विचारलं. माझ्या पोटाला पट्टा, हाताला सलाइन, आणि खोलीतल्या बाकीच्या तिन्ही खाटांशेजारी पाळणे. तिचा तरी काय दोष!

"नऊ," मी म्हटलं.

"आं?"

"नऊ गाठी झाल्या."

लाडू धरलेला हात अर्ध्या वाटेवर थांबला. बाईनं माझ्या खाटेशेजारी पाळणा शोधला, आणि तो नाही म्हटल्यावर स्टुलावर बसलेल्या माझ्या सासूकडे बघितलं. एरवी सासूबाईंनी तिला डॉक्टरचं गाव, माझं रक्त किती कमी होतं ते, आणि वर आमची सगळी कुळकथा ऐकवली असती. त्या दिवशी त्या नुसत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाईनं लाडू परत डब्यात ठेवला.

मला हसू आलं, आणि हसल्याबरोबर टाके असे ओढले गेले की डोळ्यांत पाणी आलं. तसाही तो लाडू मला चालणार नव्हता. ऑपरेशन होऊन एकच दिवस झाला होता, आणि पोटातला वारा सरल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही असं सिस्टरनं बजावलं होतं. दर दोन तासांनी ती यायची आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "गॅस पास झाला का?" बाळंतिणी, त्यांच्या आया, सगळ्या माझ्याकडे आशेनं बघायच्या. एवढ्या लोकांनी माझ्याकडून एवढ्या साध्या गोष्टीची अपेक्षा कधी केली नव्हती.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली, म्हणून गमतीनं सांगते. तेव्हा गंमत वाटावी एवढीही ताकद अंगात नव्हती.

मी एसटीत कंडक्टर होते. वय सदतीस. घर तासगावच्या बाजूला एका खेड्यात. नवरा हिंदुराव साखर कारखान्यात फिटर, आणि घरात सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सांगली झाली, कोल्हापूर झालं, पुण्याला दोनदा जाऊन आलो. गोळ्या, इंजेक्शनं, अमुक तारखेला या, तमुक तारखेला या. प्रत्येक वेळी आत्याबाई बरोबर. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या मऊ झालेल्या लुगड्यांची सहा दुपटी हिरव्या दोऱ्यानं शिवून ट्रंकेत ठेवली होती. दर दिवाळीला ती काढून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी पुन्हा घडी घालून ठेवायच्या. मला कधी टोचून बोलल्या नाहीत. दोरीवर ती सहा दुपटी दिसायची, तेवढं पुरे होतं.

त्यात सात वर्षांपासून माझं हे दुखणं. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जायचं. डब्याबरोबर मी दुसरा परकर घेऊन ड्यूटीवर जायचे. स्टँडवर गाडी लागली की सगळे प्रवासी उतरेपर्यंत सीटवरून उठायचे नाही, आणि उठले की आधी मागे हात फिरवून बघायचे. बारा तास गाडीत उभी राहून घरी यायचं, तर घरात बाहेरचं पाळायचे. पंधरा दिवस स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवाच्या खोलीकडे बघायचं नाही, सोप्यात सतरंजी टाकून पडायचं आणि ताट सरकवलं की जेवायचं. गौरी आणायचा मान घरच्या सुनेचा. सात वर्षांत एकदाही गौरी माझ्या हातानं आल्या नव्हत्या. नणंद यायची आणि आणायची.

ऑपरेशनच्या आधी तीन वर्षं माझं पोट वर यायला लागलं. मला वाटलं, पोट सुटलंय. आत्याबाईंना वेगळं वाटलं. त्यांनी मला विचारलं नाही, डॉक्टरला विचारलं नाही. मला जड उचलू देईनात, सकाळी लोणी-साखर हातावर ठेवायला लागल्या, आणि एवढ्यावर न थांबता गल्लीत सांगून आल्या. मी म्हणत होते, "आत्याबाई, माझं अंगावरून जातंय, कसं असेल?" तर म्हणायच्या, "काही काही बायांचं जातंय, तुला काय कळतंय." सोनोग्राफी झाली तेव्हा आत बाळ नव्हतं, गाठी होत्या. त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जणू मीच त्यांना फसवलं होतं.

शेवटी रक्त सहावर आलं आणि एक दिवस आटपाडीच्या गाडीत मी घंटीची दोरी धरूनच खाली बसले. मग मिरज.

डॉक्टर मगदूम मॅडम चांगल्या होत्या. तपासायच्या खोलीत आम्ही दोघीच असताना मी त्यांना म्हटलं, "मॅडम, गाठींबरोबर पिशवीपण काढून टाका."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मूल नाही ना अजून?"

"नाही."

"मग असं का म्हणताय?"

"दमले मी."

"रक्त कमी आहे म्हणून दमताय. सदतीस म्हणजे काही म्हातारपण नाही. गाठी काढू, पिशवी वाचवायचा प्रयत्न करू. फारच रक्त जायला लागलं तर मग काढावी लागेल, तशी तुमच्या मिस्टरांची सही घेऊ."

रक्त कमी झालं म्हणून दमलेली आणि तेरा वर्षं तारखा मोजून दमलेली, यातला फरक त्यांच्या सोनोग्राफीत दिसत नव्हता. मला मूल नको होतं असं नाही. पहिली आठ वर्षं हवंच होतं. नंतर मला फक्त त्या हवं असण्यातून सुटका पाहिजे होती. पिशवीच नाही म्हटल्यावर कोण कशाला पुण्याला नेईल? ऑपरेशनच्या टेबलावर, भूल द्यायच्या आधी, मी मॅडमना पुन्हा म्हटलं, "बघा हं." त्या म्हणाल्या, "बघते."

पुढचं काही आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा आत्याबाई कापसाच्या बोळ्यानं माझे ओठ ओले करत होत्या. मी विचारलं, "झालं?"

"हां," त्या म्हणाल्या.

बस. एवढंच. आत्याबाई म्हणजे अशी बाई, की गावाहून मिरजेला येईपर्यंत गाडीतल्या सहा बायकांची माहेरं-सासरं त्यांना पाठ व्हायची. त्या बाईनं दीड दिवसात माझ्याशी "हां", "पड", "हात सरळ ठेव" याच्या पलीकडे एक शब्द काढला नव्हता. मधे एकदा गावाकडे जाऊन कपडे घेऊन आल्या, तेही मुक्यानं. हिंदुरावांना विचारावं तर ते आणखी नवल. ऑपरेशन चालू असताना ते रक्ताची बाटली आणायला गेले होते. परत आल्यावर आईला विचारलं असेल, आईनं "झालं सगळं" म्हटलं असेल, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं असेल. हॉस्पिटलात शिरलं की त्या माणसाची मान खाली जायची ती बाहेर पडल्यावरच वर यायची.

नऊ गाठी निघाल्या एवढं सलाइन बदलताना सिस्टर बोलून गेली होती, त्यापुढचं मी स्वतः कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, बिचारीला पिशवीची काळजी. आणि मला तर उलटीच काळजी होती.

पण कंडक्टरला तोंडं वाचता येतात. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. आत्याबाई दीड दिवस खिडकीबाहेर बघत होत्या. मी ओळखलं. पिशवी गेली. गेली, आणि हिला सांगायचं कसं म्हणून यांची वाचा बसली.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. टाके दुखत होते, घसा कोरडा पडला होता, आणि छातीवरून कुणी तरी पोतं उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटत होतं. मग आत्याबाईंकडे बघितलं की लाज वाटायची. त्यांची दुपटी आठवायची. आनंद आणि लाज अशी दोन्ही घेऊन मी पडून राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी एकदाचा वारा सरला. शेजारच्या बाळंतिणीच्या आई, तानूबाई म्हणून होत्या, त्यांनी ऐकलं आणि त्यांनीच पळत जाऊन सिस्टरला वर्दी दिली. खोलीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. मला चार चमचे पाणी मिळालं. त्या पाण्याची चव अजून आठवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मगदूम मॅडम राऊंडला आल्या. राऊंडच्या वेळी पुरुषांना बाहेर काढायचे, आणि हिंदुराव तर कारखान्यात होते. आत्याबाई स्टूल सोडून उभ्या राहिल्या. मॅडमनी पट्टा सोडून टाके बघितले, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "छान. छायाताई, नऊ गाठी काढल्या बरं का. एक तर नारळाएवढी. एवढ्या गाठी असताना पिशवी वाचते असं क्वचित होतं. पण वाचवली आपण. सहा महिने विश्रांती द्या तिला, मग चान्स घ्यायला हरकत नाही."

मी रडायला लागले. हुंदके देता येत नव्हते, टाके ओढायचे, म्हणून तोंड उघडं ठेवून नुसतं पाणी गळत होतं.

"अहो, रडताय काय! चांगली बातमी आहे," मॅडम म्हणाल्या.

"रडू द्या मॅडम, आनंदाचं हाय," तानूबाई पलीकडून म्हणाल्या. "तेरा वर्सं म्हंजे काय खेळ हाय व्हय?" समोरच्या खाटेवरच्या बाईनं देवाला हात जोडले.

मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्या. मी डोळे मिटून घेतले. सहा महिने. मग पुन्हा सांगली, कोल्हापूर, पुणे. पुन्हा तारखा. दिवाळीला दोरीवर पुन्हा सहा दुपटी. मला वाटलं, आपण या खाटेवरून उठूच नये.

डोळे उघडले तेव्हा आत्याबाई माझ्याकडेच बघत होत्या. खिडकीकडे नाही.

दुपारी तानूबाई लेकीचं बाळ न्हाऊ घालायला घेऊन गेल्या, तिन्ही बाळंतिणी झोपल्या. आत्याबाईंनी स्टूल खाटेला चिकटवलं आणि हळू आवाजात विचारलं, "छाया, तुला पिशवी नको हुती न्हवं?"

मी पट्ट्याची कड चाचपत राहिले.

"सांग की. मी काय खातीय व्हय तुला?"

"नको होती," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या.

"हिंदुराव रगत आणाय गेलावता," त्या म्हणाल्या. "दार उघडून सिस्टर म्हनली, छाया पाटलांचं नातेवाईक कोण? मी म्हनलं, मी. तर आत बोलवून मॅडमनी ट्रेमदी मांडून दावल्या. ही एक, ही दुसरी, ही तिसरी. कायदाच हाय म्हनं, नातेवाईकाला दाखवायचा. मी इचारलं, किती वर्सांच्या असतील वो ह्या? म्हनल्या, मोठी धा वर्सांची तरी असंल."

तो कायदा नव्हता, नुसती पद्धत होती. पण मी मधे बोलले नाही. दोन दिवस तुंबलेलं आता बाहेर पडत होतं.

"मग बरणीत घातल्या, आनि बरणी दिली माझ्याच हातात. तपासणीला न्हेऊन द्या म्हनल्या, लॅब स्टँडच्या पलीकडं हाय. वायरच्या बास्केटात तुझा ड्यूटीचा डबा हुता, माझी भाकरी घातलेला. तेच्या शेजारी बरणी ठिवली आनि चालत निघाले. रिक्षा करायचं ध्यानात आलं न्हाई बघ. जरा गेले आनि वजन लागाय लागलं. खाली ठिवली. परत उचलली. परत खाली ठिवली. स्टँडपातूर तीनदा ठिवली. हात भरून आला. मग तितंच बाकड्यावर बसले, बास्केट मांडीवर घिऊन. समोर गाड्या लागत हुत्या. एका गाडीत तुझ्यासारखीच एक पोरगी हुती, तिकिटं फाडत. गर्दी ही. उभ्यानंच."

त्यांनी स्वतःचा दंड चोळला.

"मला अर्ध्या तासात हात भरून आला गं. तू धा वर्सं घिऊन उभी ऱ्हायलीस."

मी छताकडे बघत होते.

"आनि तवा पोट वर आलं, तर मी महिनाभर बोलले न्हाई तुझ्याशी. काय गं, तू मुद्दाम केलंवतंस व्हय?"

"नाही, आत्याबाई."

"न्हाईच. मग मी का बोलले न्हाई?"

 खरं सांगायचं तर तेव्हा माझं मन काही भरून वगैरे आलं नाही. मला राग आला. तेरा वर्षं मी यांच्या डोळ्यांसमोर होते. पांढरीफटक पडत चालले होते, सोप्यात सतरंजीवर पडून असायचे. मला बघून यांना कळलं नाही, ट्रे बघून कळलं! मी तोंड भिंतीकडे केलं. तेवढंच करता येत होतं.

त्या उठल्या. पट्ट्याखालचं कापड सरकलं होतं, ते नीट करायला लागल्या. पट्ट्याची कड टाक्यांना रुतू नये म्हणून मधे मऊ कापडाची घडी ठेवलेली असायची. दोन दिवस ती होती, मी तिकडे बघितलंही नव्हतं. आता त्यांनी जुनी घडी काढून दुसरी घेतली तेव्हा मला हिरवा दोरा दिसला. बारीक, सरळ, एकसारखे टाके.

"हे कुठलं कापड?" मी विचारलं.

"ट्रंकेतलं," आत्याबाई म्हणाल्या. "मऊ हाय. रुतत न्हाई."

त्यांनी घडी ठेवली, पट्टा बांधला आणि काढलेला तुकडा धुवायला मोरीकडे गेल्या. मी त्यांना जाताना बघत राहिले. राग होता तिथंच होता, पण त्याला आता बसायला जागा सापडेना.

चौथ्या दिवशी भेटायच्या वेळेला हिंदुराव माझ्या नणंदेला घेऊन आले. मालन वन्सं. बरोबर त्यांची जाऊ आणि भावकीतली एक म्हातारी. वन्सं मनानं वाईट नाहीत, पण माझ्या मूल नसण्याचं त्यांना माझ्याहून जास्त दुःख होतं आणि ते त्या गावभर वाटत फिरायच्या. आल्या आल्या त्यांनी केळी माझ्या उशाशी ठेवली आणि आईकडे वळल्या.

"आये, सगळं ऐकलं मी दादाकडनं. गाठी काढल्या ते बरं झालं. पर पिशवी? पिशवी ऱ्हायली न्हवं? तेवढं सांग. न्हाई, तर मी त्या कराडच्या डॉक्टरचं नाव काढून आणलंय. लई जणींना गुण आलाय."

मी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. हिंदुराव खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून उभे होते. मॅडम काय म्हणाल्या ते त्यांना अजून माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. आता आत्याबाई सांगणार, आणि वन्सं कराडची तारीख घेऊनच उठणार.

"काढली," आत्याबाई म्हणाल्या.

"आं?"

"पिशवी काढली. ऱ्हायली न्हाई. गाठी लई हुत्या."

 खोलीत आम्ही एकट्या नव्हतो. मॅडमनी आदल्या दिवशी केवढ्यांदा सांगितलं होतं, पिशवी वाचवली म्हणून! तिन्ही खाटांनी ते ऐकलं होतं. समोरच्या खाटेवरच्या बाईनं तर हात जोडले होते. ती आता तोंड उघडं टाकून आत्याबाईंकडे बघत होती.

"असं कसं?" वन्सं म्हणाल्या. "दादा, तू सही केलीस व्हय? आनि तुमी डॉक्टरला काय इचारलं का न्हाई?" त्यांनी आजूबाजूला बघितलं, आणि त्यांची नजर नेमकी तानूबाईंवर थांबली. "खरंच काढली वो?"

तानूबाईंच्या मांडीवर नात होती. त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. आदल्या दिवशी ज्याला त्या आनंदाचं रडणं म्हणाल्या होत्या, ते बहुतेक त्यांना आत्ता कळलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "काढली. आमच्याम्होरंच बोलल्या मॅडम. काल लई रडली बिचारी."

समोरच्या बाईनं तोंड मिटलं आणि बाळाचं झबलं सारखं करायला लागली.

वन्सं खाटेच्या कडेवर बसल्या. डोळ्यांना पदर लावला. त्यांची जाऊही लावू लागली. म्हातारी म्हणाली, "घराण्याचं काय आता?" आणि मग वन्सं ते बोलल्या, जे बोललं जाणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पिशवी जावी असं म्हणताना मी याचाच विचार करायचा टाळला होता.

"मग आता दादाचं काय?"

 दादाचं काय, म्हणजे दादाला दुसरी करायची का, हे त्या खोलीतल्या तान्ह्या बाळांनाही कळलं असेल. आत्याबाईंनी तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या आधी हिंदुराव बोलले. हॉस्पिटलात त्यांची मान वर झालेली मी पहिल्यांदा बघितली.

"माझं काय?" ते म्हणाले. "मला उद्या दुपारपाळी हाय."

"तसं न्हवं रं दादा..."

"मग कसं? परवा हिला घरी न्ह्यायची हाय. रजा मिळती का बघाय पायजे." एवढं बोलून त्यांनी वन्संनी आणलेलं एक केळ सोललं आणि निम्मं मला दिलं. मला केळं चालतात का, हेही विचारलं नाही. मी खाल्लं.

"ऐकलं न्हवं?" आत्याबाई लेकीला म्हणाल्या. "मग आता हा इषय बंद. गावातबी सांग, पिशवी काढली म्हनून. कराडला न्हाई आनि कुटंच न्हाई. माझ्या घरात सून एकच हाय, आनि ती कामावरनं दमून येती. तिला आता जरा बसू द्या."

वन्सं गेल्या. त्यांचं रडणं जिन्यात खालपर्यंत ऐकू येत होतं. आत्याबाई तानूबाईंच्या खाटेपाशी गेल्या. मला वाटलं, काही बोलतील. त्यांनी नुसतं बाळाच्या गालावरून बोट फिरवलं. तानूबाईंनी डबा उघडला, एक लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि दुसरा माझ्यासाठी दिला.

लॅबच्या तपासणीत गाठी साध्या निघाल्या. सहाव्या दिवशी मला घरी सोडलं. गावाकडे येताना जीपमध्ये मी हिंदुरावांना खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर ते बाहेर बघत म्हणाले, "कार्डावर लिव्हलंय की. मेडिकलवाल्यानं वाचून सांगितलं."

"मग?"

"मग काय? आई म्हनती ते खरं."

त्या वर्षी गौरी-गणपती ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांनी आले. माझी पाळी आता शहाण्यासारखी महिन्याच्या महिन्याला यायची, चार दिवसांत जायची. पण ती येते हे घरातल्या आम्हा तिघांशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं. गौरी यायच्या त्या दिवशी पहाटे उठले तर बाहेरची झालेली. मला हसावं का रडावं कळेना. आत्याबाईंच्या कानात सांगितलं आणि सवयीनं सतरंजी घेऊन सोप्यात जायला लागले.

"कुटं निघालीस?" आत्याबाई म्हणाल्या.

"सोप्यात."

त्यांनी माझ्या हातातली सतरंजी काढून घेतली. बाहेर अंगणात वन्सं नवी साडी नेसून, नथ घालून तयार होत्या. सात वर्षं गौरी त्यांनीच आणल्या होत्या, त्याही वर्षी त्याच आणणार होत्या. भावकीतल्या बायका जमल्या होत्या. आत्याबाई जन्मभर सोवळं-ओवळं पाळत आलेल्या. बाहेरच्या झालेल्या शेजारणीची सावली देवघरावर पडली तरी गोमूत्र शिंपडायच्या. त्या मला दंडाला धरून अंगणात घेऊन आल्या. पकड एवढी घट्ट होती की त्यांची बोटं माझ्या दंडात रुतत होती. बाकी कुणाला दिसलं नसेल.

"मालन, गौर हिच्या हातात दे," त्या म्हणाल्या.

"आगं पर आये, वहिनीची काय अडचन बिडचन..."

"तिला कसली अडचन? पिशवीच न्हाई तिला. आता दरवर्सी गौर तिनंच आणायची. दे."

वन्संनी गौरीचं सूप माझ्या हातात दिलं. कुणी तरी माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकवाची पावलं उंबऱ्यापर्यंत काढलेली होतीच. आत्याबाई लगबगीनं पुढं जाऊन उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. विचारायचं असतं ते त्यांनी विचारलं.

"गौर आली का?"

"आली," मी म्हटलं.

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

त्यांनी देवाच्या खोलीकडे बघितलं, क्षणभर डोळे मिटून हात जोडले. मग बाजूला सरल्या आणि म्हणाल्या, "ये. आत ये."